तुम्ही पतंग उडवता, की पतंग तुम्हाला?

माझा एक भाचा इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ राहतो. तो यंदा नववीत आहे. वजन पन्नास किलो, उत्साह त्याच्या दुप्पट. परवा त्याचा फोन आला. "मामा, एक पतंग घेतोय. जुना आहे, पण स्वस्तात मिळतोय. पाच चौरस मीटरचा. घेऊ ना?"

पाच चौरस मीटर! आपण संक्रांतीला उडवतो तो कागदी पतंग पाव चौरस मीटरसुद्धा भरत नाही. हा पतंग म्हणजे चांगली पलंगावरची दुहेरी चादर झाली. मी त्याला म्हटले, "आधी दोन दिवस थांब. थोडा हिशेब करू, मग ठरवू." तो हिशेब भौतिकशास्त्राच्या शालेय पुस्तकाबाहेरचा नाही. म्हणून तो तुमच्यापुढेही मांडतो. शेवटी भाच्याने काय घेतले तेही सांगेन.

पतंगाला गाडी जुंपणारा मास्तर

भाच्याला हवा असलेला पतंग शोभेचा नाही, की काटाकाटीचाही नाही. इंग्रजीत त्याला 'पॉवर काइट' म्हणतात. आपण त्याला शक्तिपतंग म्हणू. त्याचे काम एकच, ओढणे. तो चाकांच्या छोट्या गाडीला ओढतो, बर्फावर घसरणाऱ्या माणसाला ओढतो, पाण्यावर फळी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला ओढतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पतंगाने ओढलेल्या फळ्यांची शर्यत प्रथमच झाली, ती मार्सेच्या समुद्रात. आपल्याकडे गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर दुपारचा समुद्रवारा सुटला की असे पतंग दिसतात.

कल्पना मात्र नवी नाही. ब्रिस्टल शहरात जॉर्ज पोकॉक नावाचे एक शाळामास्तर होते. त्यांनी घोड्यांऐवजी पतंगांनी ओढायची गाडी बनवली आणि १८२६ साली तिचे पेटंट घेतले. पतंगाला एकाऐवजी चार दोऱ्या लावून त्याला हवे तिकडे वळवण्याची युक्ती त्यांनी तेव्हाच वापरली होती. असे सांगतात की, त्या काळी रस्त्यावरचा जकातकर घोडे मोजून घेत आणि या गाडीला घोडाच नसल्यामुळे नाक्यावरच्या माणसाची पंचाईत होई. क्रिकेटचे वेड असणाऱ्यांसाठी आणखी एक गंमत. या मास्तरांची मुलगी मार्था ही पुढे डब्ल्यू. जी. ग्रेस या महान क्रिकेटपटूची आई झाली.

यानंतर १८९४ साली ऑस्ट्रेलियात लॉरेन्स हारग्रेव्ह यांनी चार पेटीपतंग एकाखाली एक बांधले आणि त्यांच्याखाली बसून ते स्वतः जमिनीपासून सुमारे पाच मीटर वर गेले. सॅम्युएल कोडी यांनी १९०३ मध्ये पतंगाने ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडली. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत डोमिना जाल्बर्ट यांनी काड्या नसलेला, नुसत्या कापडाचा पतंग तयार केला. त्याच्या पुढच्या कडेला तोंडे असतात. त्यांतून वारा आत शिरतो आणि कापडाचे कप्पे फुगून पंखाचा आकार घेतात. आजचे बरेचसे शक्तिपतंग याच घराण्यातले आहेत, आणि विमानातून उडी मारणारे लोक वापरतात ते चौकोनी हवाई छत्रही याचेच भावंड. पुढे १९९० च्या सुमारास न्यूझीलंडचे पीटर लिन यांनी पतंगामागे पळणारी तीन चाकांची हलकी गाडी लोकप्रिय केली आणि हा खेळ युरोपातल्या पुळणींवर पसरला.

हारग्रेव्ह यांची गोष्ट लक्षात ठेवा. पतंग माणसाला उचलू शकतो हे सव्वाशे वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. त्यांना वर जायचे होते, म्हणून ते गेले. आपल्याला जायचे नसताना जावे लागू नये, एवढाच आपला प्रश्न आहे.

वारा किती जोर लावतो?

वाऱ्याचा जोर कशावर अवलंबून असतो? पतंग जितका मोठा तितका जोर जास्त, हे कोणीही सांगेल. क्षेत्रफळ दुप्पट, तर जोर दुप्पट. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर? इथे पुष्कळ जण चुकतात. जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. कारण सोपे आहे. वेग दुप्पट झाला की एका सेकंदात पतंगावर दुप्पट हवा येऊन आदळते, आणि ती प्रत्येक हवाही दुप्पट वेगाने आदळते. दोन दुणे चार. म्हणजे जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

सूत्ररूपाने लिहायचे तर:

जोर = १/२ × हवेची घनता × वेगाचा वर्ग × क्षेत्रफळ × गुणांक

गुणांक पतंगाच्या आकारावर आणि वाऱ्याशी तो करत असलेल्या कोनावर अवलंबून असतो. आपण ढोबळ हिशेबासाठी तो १ धरू. हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.२ किलोग्रॅम असते.

समजा, वारा ताशी १८ किलोमीटर आहे, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. तर एका चौरस मीटरवर जोर येतो अर्धा × १.२ × २५, म्हणजे १५ न्यूटन. साधारण १० न्यूटन म्हणजे एक किलोचे वजन धरले, तर हा झाला दीड किलो. भाच्याच्या पाच चौरस मीटरला साडेसात किलो. त्याला हे सांगितले तेव्हा तो हसला. "एवढंच? माझं दप्तर याच्यापेक्षा जड असतं."

दप्तर पळत नाही आणि पतंग पळतो, हे तो विसरला. सगळी मेख तिथेच आहे.

पळणारा पतंग

एकदोरी पतंग आकाशात एका जागी तरंगत राहतो. शक्तिपतंगाला दोन, तीन किंवा चार दोऱ्या असतात. डावी ओढली की तो डावीकडे वळतो, उजवी ओढली की उजवीकडे. त्यामुळे तो वाऱ्याला आडवा सुसाट पळवता येतो. आता विचार करा. वारा सेकंदाला ५ मीटर वेगाने येतो आहे आणि पतंग त्याला काटकोनात सेकंदाला १० मीटर वेगाने पळतो आहे. पतंगाला लागणारा वारा किती? तुम्ही सायकल जोरात चालवता तेव्हा वारा पडलेला असला तरी तोंडावर वारा लागतोच. तसेच इथे. वेग काटकोनात आहेत, तेव्हा पायथागोरसला हाक मारा. ५ चा वर्ग २५, १० चा वर्ग १००, बेरीज १२५. आपल्याला जोरासाठी वेगाचा वर्गच हवा आहे, म्हणून वर्गमूळ काढण्याचेही कारण नाही. स्थिर पतंगासाठी तो वर्ग २५ होता, आता १२५ झाला. जोर पाचपट!

वाऱ्याच्या दुप्पट वेगाने पळणे हे अशा पतंगाला मुळीच अवघड नाही. चांगले पतंग याहूनही वेगाने पळतात. माइल्स लॉइड या अमेरिकन अभियंत्याने १९८० मध्ये हाच हिशेब पुढे नेला आणि असा आडवा पळणारा पंख दोरीला बांधून वीज तयार करता येईल असे दाखवले. ज्या गुणधर्मातून वीजनिर्मितीची आशा धरता येते, तो गुणधर्म नवशिक्याच्या हाती देताना विचार करायला हवा की नको?

तर साडेसात किलो गुणिले पाच. भाच्याच्या हाताला साडेसदतीस किलोचा हिसका. तोसुद्धा ज्यात पाने नुसती सळसळतात अशा मध्यम वाऱ्यात.

पाय घट्ट रोवून उभे राहिले तर?

भाचा म्हणाला, "मी टाचा रोवून उभा राहीन." ठीक आहे, तेही तपासू.

दोऱ्या जमिनीशी ४५ अंशांचा कोन करत वर जात आहेत असे धरू. मग ओढीचे दोन भाग पडतात. एक भाग माणसाला पुढे ओढतो, दुसरा वर उचलतो. ४५ अंशांवर दोन्ही सारखेच, मूळ ओढीच्या सुमारे ०.७ पट. आता माणूस जागेवर राहतो तो कशामुळे? बूट आणि वाळू यांच्यातल्या घर्षणामुळे. घर्षण किती मिळेल, ते पाय जमिनीवर किती दाबले जातात यावर अवलंबून असते. आणि गंमत अशी की, पतंग जितका वर उचलेल तितके पायांवरचे वजन कमी होते. म्हणजे ज्या क्षणी घर्षणाची सर्वांत जास्त गरज, त्याच क्षणी ते सर्वांत कमी!

घर्षणाचा गुणांक ०.५ धरू. पन्नास किलोचा मुलगा, ओढ ३७.५ किलो. वर उचलणारा भाग २६ किलो, तेव्हा पायांवर उरले २४ किलो. त्याच्या निम्मे, म्हणजे १२ किलोपर्यंत घर्षण त्याला धरून ठेवील. पण पुढे ओढणारा भाग तर २६ किलो आहे. मुलगा फरफटत जाणार.

उलट दिशेने गणित केले तर कळते की, पन्नास किलोच्या मुलाला सुमारे २४ किलोपर्यंतची ओढ जागेवर उभे राहून पेलेल. त्यापुढे पाय घसरतील. आणि ओढ ७० किलोच्या वर गेली, तर तिचा वर उचलणारा भागच पन्नास किलोच्या आसपास जातो. म्हणजे पाय जमिनीवरून सुटतात.

आता तीन आकारांच्या पतंगांची तुलना करा. पतंग वाऱ्याच्या दुप्पट वेगाने पळतो आहे असे सगळीकडे धरले आहे. ताशी १८ किलोमीटर वाऱ्यात दीड चौरस मीटरचा पतंग ११ किलोने ओढतो, तीन चौरस मीटरचा साडेबावीस किलोने आणि पाचाचा साडेसदतीस किलोने. वारा थोडा वाढून ताशी २७ किलोमीटर झाला, की हेच आकडे २५, ५० आणि ८४ किलो होतात. ताशी ३६ ला तर ४५, ९० आणि १५० किलो!

८४ हा आकडा नीट पाहा. त्याचा ०.७ पट भाग ५९ किलो. पन्नास किलोचा मुलगा हवेत जाईल. हिशेब ढोबळ आहे, हे मान्य. पतंग वाऱ्याच्या मधल्या भागातून जातो तेवढे एकदोन सेकंदच ही ओढ राहते. माणूस पुढे ओढला गेला की पतंगाला लागणारा वारा कमी होऊन ओढही थोडी उतरते. मागे रेलून उभा राहणारा सरावाचा माणूस यापेक्षा जास्त पेलतो. पण एकदोन सेकंदही पुरतात. वर जाणे फारसे धोक्याचे नसते, धोका खाली येण्यात असतो. शिवाय ओढ हातांना म्हणजे पायांच्या बऱ्याच वर लागते. त्यामुळे घसरण्याआधी बहुतेक जण तोंडघशी पडतात.

वारा काही गणितातल्यासारखा एका वेगाने वाहत नाही, हेही इथेच सांगितले पाहिजे. ताशी १८ किलोमीटर वाऱ्यात मधूनच ताशी २७ ची झुळूक येणे रोजचेच आहे. वेग दीडपट झाला, तर जोर सव्वादोन पट. ज्या पतंगाचा आपण सहज तोल सांभाळत होतो, तो एका सेकंदात दुसराच पतंग होतो. म्हणून पतंगाची निवड 'आत्ता वारा किती आहे' यावर करायची नसते. तो सर्वांत जास्त किती होईल यावर करायची.

मग पहिला पतंग केवढा?

भाच्याच्या वजनाच्या मुलासाठी माझे उत्तर दीड चौरस मीटर. पंच्याहत्तर किलोच्या मोठ्या माणसाने दोन ते अडीच घ्यावा. तीनचा पतंग सराव झाल्यावरचा. पाचचा विषयच नको.

कोणी म्हणेल, मग अर्धा किंवा एक चौरस मीटरचा आणखी सुरक्षित नाही का? ओढीच्या दृष्टीने आहे. पण फार छोटा पतंग माशीसारखा वळतो. हात किंचित हलला की तो गिरकी घेऊन जमिनीवर आपटतो आणि शिकणारा कंटाळतो. दीडच्या आसपासचा पतंग आपल्याला विचार करायला वेळ देतो, आणि चुकले तर हिसका देतो, फरफटवत नाही. या पतंगांवर छापलेला आकडा बहुधा चौरस मीटरच दाखवतो. पण तो सपाट पसरलेल्या कापडाचा असतो. हवेत पतंग कमानीसारखा वाकतो, तेव्हा वाऱ्यासमोरचे क्षेत्रफळ थोडे कमी भरते. आपल्या हिशेबात गुणांक १ धरण्यात जी ढिलाई आहे, तीत हेही आले.

आकाराइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पतंग सोडून देता येणे. आपल्या कागदी पतंगाचा दोरा हातातून सुटला की पतंग गेला, कोणाला इजा नाही. शक्तिपतंग सुटला तर दोऱ्या आणि हातदांडा ओढत तो पुळणीवरून सुसाटतो आणि वाटेत येणाऱ्याला झोडपतो. म्हणून नुसते सोडणे पुरत नाही. सोडल्याबरोबर त्याचा जोर गेला पाहिजे.

दोन दोऱ्यांच्या साध्या पतंगात मनगटाला पट्टे असतात. हात सोडले तरी दोन्ही दोऱ्या मनगटाला ताणलेल्याच राहतात आणि पतंग पूर्ण जोराने ओढतच राहतो. लहान पतंग असेल तर चालेल, मोठ्याला हे वाईट. तीन दोऱ्यांच्या शिकाऊ पतंगात एक आडवा दांडा हातात असतो आणि तिसरी दोरी मनगटाच्या पट्ट्याला जोडलेली असते. दांडा सोडला की पुढच्या दोन दोऱ्या सैल पडतात, सगळा ताण तिसरीवर येतो, आणि पतंग मिटून वाळत घातलेल्या फडक्यासारखा फडफडत खाली येतो. चार दोऱ्यांच्या पतंगात दोन मुठी असतात. प्रत्येक मुठीच्या वरच्या टोकाला ओढीची दोरी आणि खालच्या टोकाला लगामाची दोरी. मुठी सोडल्या की मनगटाचे पट्टे लगाम ओढतात आणि पतंग मागल्या कडेने वळून निकामी होतो. तीन दोऱ्या घ्या की चार, दोन्ही बरे. ज्याला पुढे पाण्यावर जायचे असेल त्याने दांडा घ्यावा, ज्याला गाडीत बसायचे असेल त्याने मुठी. कमरेला पट्टा बांधून त्यात पतंग अडकवणे ही मात्र पुढची पायरी आहे. पहिल्या वर्षी पतंग शरीराला बांधूच नये.

हे सगळे असले तरी एक अडचण उरते, आणि ती पतंगाची नाही, माणसाची आहे. घाबरलेला माणूस सोडत नाही, अधिक घट्ट पकडतो. घसरत्या माणसाने जवळची फांदी गच्च धरावी तसा तो दांडा धरतो. पुन्हा दोन्ही हातांनी दांडा छातीशी ओढतो, जणू घोड्याचा लगामच खेचतो आहे. शिकाऊ दांड्यात दोन्ही दोऱ्या सारख्याच ओढल्याने पतंग मुळीच थांबत नाही. म्हणून पहिल्या दिवशी उडवणे शिकायच्या आधी सोडणे शिकावे. मंद वाऱ्यात पतंग वर न्यावा आणि मुद्दाम दांडा सोडावा. दहा वेळा करावे, वीस वेळा करावे, हातांना सवय होईपर्यंत करावे. मला विचाराल तर या लेखातली एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल.

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा

पतंग आकाशात कुठे असताना ओढतो, हे समजून घेतले की अर्धी भीती जाते. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. तुमच्यासमोर पाव गोलाची एक काल्पनिक वाटी उभी आहे. डावीकडे जमिनीपासून डोक्यावरून उजवीकडे जमिनीपर्यंत तिची कड. पतंग या वाटीतच फिरू शकतो. घड्याळाचे आकडे वापरायचे तर डावी कड म्हणजे ९, डोक्यावर १२, उजवी कड ३. कडेवर असताना पतंग जेमतेम हवा धरतो, म्हणून ओढ कमी. वाटीच्या मध्यभागी, म्हणजे समोर खाली, तो वारा पुरता अडवतो आणि सर्वांत वेगाने पळतो. तिथे ओढ सर्वांत जास्त.

नवशिक्या बहुधा पतंग नेमका तिथूनच उठवतो, कारण तो समोर ठेवायला सोपा. वारा मंद असेल तर हरकत नाही. पण वारा बरा असेल तर पतंग कडेजवळ ठेवून तिथून वर चढवावा आणि डोक्यावर १२ ला नेऊन उभा करावा. गडबड वाटली की १२ ला न्यायचा. मात्र तिथे ठेवून गप्पा मारत बसू नये. वर उभ्या असलेल्या मोठ्या पतंगाखाली अवचित जोराची झुळूक आली, तर ओढ सरळ वर लागते.

वारा मोजायला उपकरण नसले तरी अडत नाही. १८०५ च्या सुमारास फ्रान्सिस ब्यूफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने वाऱ्याचे क्रमांक ठरवले. पुढे त्यांना जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत आहेत, हलका झेंडा पसरला आहे, तर तो ३ क्रमांकाचा वारा, ताशी १२ ते १९ किलोमीटर. शिकायला हा छान. धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले, लहान फांद्या हलू लागल्या, तर ४ क्रमांक, ताशी २० ते २८. दीडचा पतंग असला तरी इथे जवळ जाणता माणूस हवा. लहान झाडे डोलू लागली म्हणजे ५ क्रमांक. नवशिक्याने पतंग पिशवीत घालावा आणि चहा प्यायला जावे.

जागा निवडताना वारा कुठून येतो तेही पाहा. इमारत, झाडांची रांग किंवा वाळूची टेकडी यांच्या आडोशाला वाऱ्यात भोवरे तयार होतात. अडथळ्याच्या उंचीच्या सातआठ पट अंतरापर्यंत ते जाणवतात. अशा ठिकाणी पतंग एक क्षण लुळा पडतो आणि दुसऱ्या क्षणी ताडकन ओढतो. समुद्रावरून जमिनीकडे येणारा वारा सर्वांत एकसारखा. भाच्याच्या किनाऱ्यावर बहुतेक वेळा तोच असतो आणि ओहोटीला पुळण मैलभर उघडी पडते, हे त्याचे भाग्य. भरतीची वेळ मात्र त्याने पाहून जावे. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा असेल तर घरी बसावे. दोऱ्या वीसपंचवीस मीटर लांब असल्या, तर पुढे आणि दोन्ही बाजूंना पन्नास मीटर मोकळी जागा तरी हवी. त्यात माणसे नकोत, कुत्री नकोत, वाहने नकोत, कुंपणे नकोत. विजेच्या तारा दूरवरही नकोत. ओली, त्यातून खाऱ्या पाण्याने भिजलेली दोरी विजेला वाट देते. आकाशात गडगडाट ऐकू आला तर तोच शेवटचा इशारा समजावा.

दोऱ्यांविषयी आणखी थोडे. या दोऱ्या डायनीमासारख्या विशेष पॉलिथिलीनच्या असतात. त्या फार मजबूत असतात, ताणल्या जात नाहीत. जाडी मिलिमीटरभर, पण ताणलेली दोरी त्वचेवरून सरकली तर चाकूसारखी कापते. म्हणून ती बोटाभोवती कधी गुंडाळायची नाही. उडत्या पतंगाची दोरी हाताने धरायची नाही. हाच पदार्थ दीडशे अंश सेल्सियसच्या आतच वितळतो, त्यामुळे दुसऱ्या दोरीशी घासली गेली तर ती क्षणात तुटू शकते.

आणि आता आपल्याकडच्या वाचकांना एक स्पष्ट सूचना. आपण संक्रांतीला पतंग गच्चीवरून उडवतो. शक्तिपतंग गच्चीवरून उडवण्याचा विचारही करू नका. जमिनीवर चार पावले फरफटणे आणि गच्चीच्या कठड्यापर्यंत चार पावले फरफटणे यांतला फरक सांगायला नको. संक्रांतीच्या आकाशातही तो नको. काचेचा मांजा ताणलेल्या दोरीला लागला, तर चारांतली एकच दोरी तुटेल आणि उरलेल्या तिघी पतंगाला वेडावाकडा फिरवतील. नायलॉनच्या मांजावर आणि काच लावलेल्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो अजून दिसतो. विमानतळाच्या परिसरात तर कोणताच पतंग नको. १९३४ च्या आपल्या विमान कायद्यात 'विमान' या शब्दाची व्याख्या करताना फुगे आणि ग्लायडर यांच्या पंगतीला पतंगही बसवला होता, हे वाचून मला पूर्वी हसू आले होते. आता येत नाही.

स्वस्त का होता?

भाच्याला मी शेवटी एवढेच विचारले की, तो पतंग स्वस्त का आहे? त्याने जाऊन पाहिले. मनगटाचे पट्टे नव्हतेच, आधीच्या मालकाने ते हरवले होते. म्हणजे सोडण्याची सोयच गेली. चार दोऱ्या एका खुंटीला अडकवून सारख्या ताणून पाहिल्या, तेव्हा एक बाकीच्यांपेक्षा चांगली वीतभर लांब निघाली. असा पतंग सतत एकीकडे वळत राहतो आणि शिकणाऱ्याला वाटते की आपलेच चुकते आहे. कापड उन्हाने विटले होते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी नायलॉन कमकुवत होते. दोन चिमटींत धरून हलके ताणले, तर शिवणीजवळ फाटू लागले. जुना पतंग घेऊच नये असे नाही, पण या तीन परीक्षा घेतल्याशिवाय घेऊ नये.

त्याने दीड चौरस मीटरचा, तीन दोऱ्यांचा नवा पतंग घेतला. त्याबरोबर हेल्मेट. पहिल्या रविवारी त्याचा बाबा पुळणीवर जवळ उभा होता. सतरा वेळा दांडा सोडून पाहिला, असे त्याने मोजून कळवले. उडवणे त्या दिवशी जेमतेम दहा मिनिटे झाले. मला फोनवर म्हणाला, "मामा, अकरा किलो म्हणजे थोडं नसतं रे."

तुम्हीही करून पाहा

तुमच्याकडे शक्तिपतंग नसेल, तरी वर्गाचा नियम तपासता येतो. साधा कागदी पतंग, साधा सुती दोरा आणि प्रयोगशाळेतला एक किलोचा ताणकाटा घ्या. मोकळ्या मैदानात पतंग वर गेला की दोरा काट्याच्या आकड्याला बांधा आणि काटा हातात धरा. पतंगाच्या कर्णांचा गुणाकार करून निम्मे केले की साधारण क्षेत्रफळ मिळेल. दोन्ही कर्ण ६० सेंटिमीटरचे असतील, तर ते ०.१८ चौरस मीटर. ताशी १८ किलोमीटर वाऱ्यात आपल्या सूत्राप्रमाणे २.७ न्यूटन, म्हणजे पाव किलोच्या थोडे वर ओढ यायला हवी. काटा नेमके तेवढेच दाखवील असे नाही, कारण गुणांक १ आपण मनाने धरला आहे. वेगवेगळ्या दिवशी, ब्यूफर्टच्या खुणांवरून वाऱ्याचा अंदाज घेऊन नोंदी करा. आडव्या अक्षावर वाऱ्याचा वेग आणि उभ्या अक्षावर ओढ असा आलेख काढा. तो सरळ रेषेत येतो की वर वळतो, ते बघा. मग आडव्या अक्षावर वेगाऐवजी वेगाचा वर्ग घेऊन तोच आलेख पुन्हा काढा. काट्याची सुई एका जागी ठरत नाही अशी तक्रार तुम्ही करालच. ती किती खालीवर होते तेही लिहून ठेवा, कारण ती झुळकांची नोंद आहे.